अपक्षाला दिलेलं मत खरंच वाया जातं का?

निवडणूक लोकसभेची असो की महापालिकेची, प्रचाराला रंग चढला की नागपुरातल्या कुठल्याही पानठेल्यावर हे ऐकू येतं: "मानूस चांगला आहे भाऊ, पन निवडून तं येनार नाही. मंग मत कायले वाया घालवाचं?" त्यावर शेजारचा म्हणतो, "तो तं मतं खायलेच उभा आहे." आणि विषय तिथेच मिटतो.

दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. कुठलं अर्धं, हे कळायला आधी मतमोजणीचा नियम बघावा लागतो.

## लढत दोघांतच का होते?

लोकसभा, विधानसभा आणि महापालिकेत ज्याला सगळ्यांत जास्त मतं पडतात तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं हवीत अशी अट नाही. पहिला आला की झालं, मग तो तीस टक्क्यांवर का येईना.

समजा, ऑफिसात अकरा जण आहेत आणि सगळ्यांसाठी नाश्ता एकच मागवायचा आहे. पाच जणांना तर्री पोहे हवेत, चौघांना आलुबोंडा, दोघांना सांबारवडी. तळलेलं खायचं मन असलेले सहा, म्हणजे बहुमत त्यांचं. पण हात वर करून मोजलं तर पाच हातांनी पोहे जिंकतात. दुसऱ्या दिवशी सांबारवडीवाले दोघं शहाणे होतात आणि "आपली वडी तर येत नाही, निदान पोहे तरी टाळू" म्हणून आलुबोंड्याला हात वर करतात. तिसऱ्या दिवशी सांबारवडीचं नावही कोणी काढत नाही. ती आवडणारे दोघं तिथेच बसलेले असतात, पण ती येणार नाही हे आता सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच पुस्तकात मांडलं. जिथे सर्वाधिक मतांचा एकच विजेता असतो, तिथे राजकारण हळूहळू दोन मोठ्या पक्षांभोवती गोळा होतं. यालाच द्विपक्षीय पद्धत म्हणतात. भारतात कागदावर पक्ष शेकड्यांनी आहेत, पण एकेका मतदारसंघात उतरून पाहिलं तर झुंज बहुधा दोघांची असते. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात सहा मोठे पक्ष होते आणि तेही महायुती आणि महाविकास आघाडी अशा दोन फळ्यांत उभे राहिले.

त्याच वर्षी लोकसभेला नागपुरात २६ उमेदवार होते. नितीन गडकरींना ६,५५,०२७ मतं पडली, काँग्रेसच्या विकास ठाकरेंना ५,१७,४२४. दोघांची बेरीज पावणेबारा लाखांच्या घरात जाते. उरलीसुरली मतं चोवीस जणांनी आणि नोटाने, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाने, वाटून घेतली.

यंत्रावरची जागाही अपक्षाला साथ देत नाही. एका मतदान यंत्रावर सोळा बटणं मावतात. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, असा क्रम ठरलेला असतो. २६ उमेदवार म्हणजे दोन यंत्रं शेजारीशेजारी, आणि अपक्ष बहुतेक करून दुसऱ्या यंत्रावर. कमळ आणि पंजा पहिल्याच यंत्रावर वरती दिसतात. घाईत असलेल्या माणसाची नजर दुसऱ्या यंत्राकडे जातेच असं नाही.

## अमेरिकेत काय झालं?

द्विपक्षीय पद्धतीचं सगळ्यांत ठळक उदाहरण अमेरिकाच आहे. १९९२ मध्ये रॉस पेरो हे उद्योगपती अध्यक्षपदासाठी अपक्ष उभे राहिले आणि जवळजवळ १९ टक्के मतं घेऊन गेले. तिथे अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निवडल्या जाणाऱ्या प्रतिनिधींच्या मतांवर. पेरोंना असं एकही मत मिळालं नाही, कारण एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत.

२००० सालची गोष्ट जास्त बोचरी आहे. फ्लोरिडात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तेवढ्यावर अध्यक्ष झाले. ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७ हजारांवर मतं होती. नेडरना मत देणाऱ्या बऱ्याच जणांना बुशपेक्षा अल गोर परवडले असते, असं तेव्हापासून बोललं जातं. पानठेल्यावरचा तो शेजारचा म्हणतो ते 'मतं खाणं' हेच.

## 'वाया' म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं थांबून हिशेब करू. एका मताने निकाल फिरतो का, एवढीच कसोटी लावली तर नागपूर लोकसभेला फरक १,३७,६०३ मतांचा होता. म्हणजे जिंकणाऱ्याला पडलेलं तुमचं मतही निकालाला लागत नव्हतं आणि हरणाऱ्याला पडलेलंही. ते जास्तीचंच होतं. मग वाया जाण्याचा ठपका एकट्या अपक्षाच्या मतदारावर का?

चुरस असली की मात्र चित्र पालटतं. २०१९ च्या विधानसभेला दक्षिण नागपुरात पहिल्या आणि दुसऱ्यात जेमतेम चार हजारांचं अंतर होतं, आणि रिंगणात बंडखोरही होते. अशा ठिकाणी तिसऱ्याला दिलेलं मत दोघांपैकी एकाचा विजय ठरवू शकतं, आणि तो नेमका तुम्हाला नको असलेला निघू शकतो.

तेव्हा माझं मत असं: मतदारसंघाचे मागचे दोन निकाल काढून बघावेत. फरक पन्नास हजारांच्या पुढे असेल तर 'मत वाया जाईल' हे भय मनातून काढून टाकावं आणि पटेल त्याला मत द्यावं. फरक चार-पाच हजारांचा असेल तर त्या दोघांपैकी आपल्याला कोण अजिबात नको, हे आधी स्वतःला विचारावं. दोघेही सारखेच वाटत असतील तर अपक्षाकडे जायला काहीच हरकत नाही. एकाची खरोखर धास्ती असेल तर ती बाजूला सारून केवळ तत्त्वासाठी मत देणं मला पटत नाही.

## पण सगळ्यांनीच असा विचार केला तर?

हा आक्षेप हमखास येतो. सुरक्षित जागा समजून सगळेच अपक्षाकडे वळले, तर जागा सुरक्षित राहील का?

राहणार नाही, आणि तेव्हा तो अपक्ष तिसराही राहणार नाही. २०२४ च्या विधानसभेला रामटेकात असंच झालं. महाविकास आघाडीची जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला सुटली होती. काँग्रेसचे राजेंद्र मुळक बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर आले. त्या दिवशी रामटेकात 'मत खाणारा' अधिकृत उमेदवार ठरला. दोघांच्या लढतीतले ते दोघं कोण, हे दिल्ली-मुंबईहून आलेल्या एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदावर, दर वेळी ठरत नाही.

## सगळे अपक्ष एका माळेचे मणी नाहीत

पहिला प्रकार बंडखोराचा. तिकीट कापलं गेलं, म्हणून त्याने अपक्ष फॉर्म भरला. माणसं, बूथवरचे एजंट, गाड्या सगळं जुन्या पक्षातलंच. हा प्रत्यक्षात अर्धा पक्षच असतो आणि जिंकण्याची ताकदही बहुधा यालाच असते.

दुसरा डमी. याला जिंकायचं नसतं, कोणाला तरी पाडायचं असतं. नाव सारखं, नाहीतर चिन्ह सारखं. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत शरद पवार गटाचे भास्कर भगरे उभे होते, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यादीत आणखी एक भगरे अपक्ष होते आणि त्यांचं चिन्ह तुतारी. या दुसऱ्या भगरेंना लाखावर मतं पडली. फरक मोठा होता म्हणून मूळ भगरे निभावले. साताऱ्यात निभावलं नाही: तुतारी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं, आणि तुतारी वाजवणाऱ्या माणसाचे उमेदवार हरले ते ३२ हजारांवर मतांनी. आता साताऱ्याचे किंवा दिंडोरीचे ते अपक्ष कोणी मुद्दाम उभे केले होते, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण डमी उभा करणाऱ्याला नेमकं हेच साधायचं असतं, हे त्या आकड्यांवरून दिसतं.

तिसरा, एखाद्या समाजाचा, आंदोलनाचा किंवा वस्तीतल्या प्रश्नाचा माणूस. कधी तो जिंकायला उभा असतो, कधी निव्वळ मोजून दाखवायला. १९९६ मध्ये तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला शेतकऱ्यांनी निषेध म्हणून इतके फॉर्म भरले की उमेदवार १,०३३ झाले. मतपत्रिकेचं पुस्तक छापावं लागलं.

त्यानंतर अनामत रक्कम वाढवण्यात आली. आज लोकसभेला ती २५ हजार आणि विधानसभेला १० हजार रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जप्त. शिवाय मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे फॉर्मवर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. आणि चौथा प्रकार आहे हौशी. त्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

## जिंकणारा अपक्ष सहसा एकटा नसतो

खुद्द नागपूरने लोकसभेत अपक्ष पाठवलेला आहे. १९६२ मध्ये इथून लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून निवडून आले. स्वातंत्र्यलढ्यातलं मोठं नाव, बिहारचे माजी राज्यपाल, आणि मागे वेगळ्या विदर्भाची चळवळ.

पुढची उदाहरणं बघा. २०१९ मध्ये अमरावतीत नवनीत राणा अपक्ष जिंकल्या. राष्ट्रवादीचा त्यांना पाठिंबा होता. २०२४ मध्ये सांगलीत विशाल पाटील जिंकले. वसंतदादांचे नातू, जागा मित्रपक्षाला गेल्यामुळे बंड केलेले, जिल्ह्यातली काँग्रेस सोबत. अमेरिकेत व्हरमाँटचे बर्नी सँडर्स वर्षानुवर्षं अपक्ष म्हणून निवडून येतात, पण सभागृहात बसतात डेमोक्रॅटिक पक्षाच्या गटाबरोबर.

विधानसभेच्या एका मतदारसंघात तीनशे-साडेतीनशे मतदान केंद्रं असतात. प्रत्येक ठिकाणी सकाळी सहा वाजता हजर होणारा एक एजंट आणि बाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या वाटणारे दोघं धरले तरी हजारभर माणसं झाली. ती अपक्षाकडे कुठून येणार? एक तर जुन्या पक्षातून, नाहीतर एखाद्या चळवळीतून. म्हणून अपक्ष निवडून येईल का, याचा अंदाज भाषणावरून बांधू नये. मतदानाच्या दिवशी आपल्या बूथबाहेर त्याचं टेबल लागेल का, हे विचारावं.

## निवडून आल्यावर तो विकला गेला तर?

अपक्षांबद्दलचा हा सगळ्यांत रास्त संशय आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते. ऐकायला कडक वाटतं. पण तो पक्षात न जाता सरकारला पाठिंबा देऊ शकतो, पाठिंबा काढू शकतो, मंत्रीही होऊ शकतो. पक्षाच्या आमदाराला व्हिप असतो, म्हणजे सभागृहात मतदान कसं करायचं याचा पक्षाचा आदेश. अपक्षाला असा आदेश देणारा कोणीच नसतो.

१९९५ च्या विधानसभेत महाराष्ट्रात तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेना-भाजपच्या जागा झाल्या १३८, बहुमताला हवे होते १४५. अपक्षांच्या जोरावर मनोहर जोशींचं सरकार बसलं आणि युतीची सत्ता १९९९ पर्यंत टिकली. तेव्हा अपक्ष आले की सरकार पडतंच, असं काही नाही. झारखंडात तर २००६ मध्ये मधु कोडा हे अपक्ष आमदार थेट मुख्यमंत्री झाले. त्या कारकिर्दीचं पुढे काय झालं ते कोर्टाच्या कागदपत्रांत आहे.

२०२२ च्या जूनमध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी मुंबईत अपक्ष आमदारांना हॉटेलात ठेवण्याची वेळ आली होती. त्या मतदानात पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. अपक्षाने कोणालाच दाखवायची नसते. कोण फुटलं, याची चर्चा मग महिनोन्महिने चालते.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण आशिष जयस्वालांचं. २०१९ मध्ये शिवसेनेचे बंडखोर म्हणून रामटेकातून अपक्ष जिंकले. २०२२ च्या फुटीत एकनाथ शिंदेंसोबत गेले, २०२४ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेकडून निवडून आले आणि राज्यमंत्री झाले. २०१९ ला त्यांना मत देणाऱ्यांपैकी काहींना हा प्रवास आवडला असेल, काहींना नसेल. मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, हेही तितकंच खरं. आणि त्याच फुटीत पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले आमदार कुठून कुठे गेले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. निष्ठेची हमी चिन्हातून मिळते, असं आता कोणी छातीठोकपणे सांगू नये.

म्हणून प्रचाराला दारात आलेल्या अपक्षाला एकच विचारायचं: उद्या सरकार बनवायला दोन्हीकडून फोन आला तर कोणाचा उचलणार? "जनता ठरवेल" असं उत्तर आलं तर समजून जायचं.

## एकट्या आमदाराने काय होतं?

निधीचं सांगायचं तर स्थानिक विकासनिधी पक्ष बघून मिळत नाही. महाराष्ट्रात तो आमदाराला वर्षाला पाच कोटी असतो, अपक्षालाही तेवढाच. त्यापलीकडची मोठी कामं मंत्र्यांच्या मर्जीवर असतात, आणि तिथे विरोधी पक्षाचा आमदारही तितकाच अडतो. सभागृहात बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळावर, त्यामुळे इथल्या हिवाळी अधिवेशनात अपक्षाच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात. सरकार काठावर असेल तर त्याच माणसाचं वजन पन्नास आमदारांएवढं होतं. नसेल तर त्याला कोणी विचारत नाही.

## महापालिकेत वेगळं गणित

वॉर्डातल्या माणसाला ओळखून मत देता येतं, तेव्हा अपक्षाला खरी संधी इथेच असायला हवी. प्रत्यक्षात २०१७ च्या नागपूर महापालिकेत १५१ नगरसेवकांत अपक्ष होता फक्त एक. कारण प्रभागपद्धत. एका प्रभागात चार जागा आणि साठ हजारांच्या वर लोकसंख्या. पक्ष चौघांचं पॅनल उतरवतो, एकच चिन्ह घेऊन चौघं फिरतात, खर्च वाटला जातो. अपक्षाला तेवढाच प्रभाग एकट्याने पालथा घालावा लागतो.

पण एक गोष्ट बऱ्याच मतदारांच्या लक्षात येत नाही. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी तुमचं स्वतंत्र मत असतं. चारही बटणं एकाच चिन्हाची दाबायची सक्ती नाही. तीन मतं पक्षाला आणि चौथं नळाच्या पाण्यासाठी वर्षभर धावणाऱ्या अपक्षाला, असं बिनदिक्कत करता येतं. माझ्या मते अपक्षाला मत देऊन बघायची सगळ्यांत स्वस्त जागा हीच आहे.

## पसंतीक्रमाने मोजलं तर?

सांबारवडीवाल्यांना न्याय मिळेल अशी मोजणी आपल्याकडे आहे, आणि नागपुरातल्या अनेक पदवीधरांनी ती स्वतः वापरली आहे. विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतपत्रिकेवर शिक्का नसतो की बटण नसतं. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. पहिल्या फेरीत कोणी तिथवर पोचलं नाही तर सगळ्यांत मागचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात.

आमच्या नाश्त्यात सांबारवडी बाद झाली की ती दोन मतं आलुबोंड्याला जातील, आणि तो सहा विरुद्ध पाचने जिंकेल. वडीवाल्यांना खोटं मत द्यावं लागलं नाही, आणि पोहेही टळले. पोहेवाल्यांची नाराजी मी समजू शकतो.

या पद्धतीत पहिली पसंती अपक्षाला आणि दुसरी मोठ्या पक्षाला दिली की 'मत वाया' हा मुद्दाच उरत नाही. २०२० मध्ये शेजारच्या अमरावती शिक्षक मतदारसंघात किरण सरनाईक अपक्ष म्हणून जिंकले, ते अशाच फेऱ्यांतून. मात्र पुष्कळ जण नुसता १ लिहून कागद दुमडतात. त्यांचा उमेदवार बाद झाला की त्यांची मतपत्रिका पुढच्या फेऱ्यांत मोजलीच जात नाही.

अमेरिकेत मेन आणि अलास्का या राज्यांनी संसदेच्या निवडणुकीला पसंतीक्रम आणला आहे. आपल्याकडे लोकसभेला तो लवकर येईल असं वाटत नाही. ज्या दोन फळ्या जुन्या नियमावर निवडून येतात, त्यांनीच तो बदलायचा आहे.

## नोटा काय वाईट?

वाईट काही नाही, पण २०१३ मध्ये आलेल्या या बटणाने विधानसभा-लोकसभेचा निकाल बदलत नाही. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला जिंकतो. अपक्षाला दिलेलं मत निदान एका माणसाच्या नावावर जमा होतं, त्याचं डिपॉझिट वाचवू शकतं, आणि पक्षांना वाचता येतं.

हे वाचणं शब्दशः घडतं. मतमोजणीनंतर नमुना २० हा तक्ता तयार होतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. सामान्य माणूस तो कधी उघडून बघत नाही. पक्षांची माणसं तो बूथ बूथ चाळतात: कुठल्या शाळेच्या खोलीत अपक्षाने दोनशे नेली, तिथे आपला बूथ अध्यक्ष कोण होता, पुढच्या वेळी त्या वस्तीत कोणाला तिकीट द्यायचं. हा तक्ता निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. मतदान केंद्राचा क्रमांक आपल्या चिठ्ठीवर असतोच.